ताटाभोवतीची वाइन

बळीरामजींना हिंदी मुलखातल्या या रांझीत कोण ओळखत नाही! कारखान्यातून रिटायर होऊन जमाना झाला, तरी वस्तीत दारूबंदीची सभा असली की माइक त्यांच्याच हातात. तर अशा माणसानं त्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सुनेला विचारलं, "विनता, ती वाइन कुठं भेटते गं?"

विनताच्या हातातली कढई पडता पडता राहिली. "बाबा, तबियत तर ठीक आहे ना?"

तबियत ठीक होती. पण त्या दिवशी त्यांच्या बायकोचा, सत्यभामाबाईंचा वाढदिवस होता, आणि त्यांना जाऊन वर्ष उलटल्यावरचा हा पहिलाच. अंबरीश, म्हणजे मुलगा, कामासाठी भोपाळला गेलेला. जाताना सांगून गेला होता की बाबांना हॉटेलात घेऊन जा, तिथं पास्ता-बिस्ता मिळतो, त्यांना इटलीची फार आठवण येते. बळीरामजींनी हात झटकला. "हॉटेलात नको. मले इटलीतल्या त्या म्हातारीच्या हातचं जेवण पाहिजे. एकदाच. ती चव जिभेवरून निसटून राहिली, बेटा. ती चव गेली का तुझी सासूही गेली समज माझ्यापासून."

विनतानं गॅस बंद केला, स्टूल पुढं ओढलं. "सांगा मग, काय होतं त्यात?"

त्याचं असं झालं होतं. रिटायरमेंटनंतर मुलानं दोघांना नागपूरच्या एका यात्रा कंपनीबरोबर इटलीला धाडलं. कंपनी पक्की आपली. आचारी बरोबर, रोम असो की व्हेनिस, रात्री वरणभात ठरलेला. मग एका डोंगराळ गावात बस बिघडली आणि आचाऱ्याची गाडी पुढं निघून गेली. सगळ्यांनी पिशव्यांतून चिवडा काढला. सत्यभामाबाई मात्र फणकारल्या, "एवढ्या दूर काय चिवडा खायले आली मी?" आणि समोरच्या छोट्या खाणावळीत सरळ शिरल्या. मागोमाग बळीरामजी, जीव मुठीत धरून.

खाणावळीची मालकीण रोझा नावाची म्हातारी. भाषा ना तिला यांची, ना यांना तिची. तिनं दोघांना खुर्च्यांवर बसवलं आणि वाडगे आणून ठेवले. पांढऱ्या घेवड्याचं दाट कढण, त्यात हातानं तोडलेले कणकेचे तुकडे, वरून हिरवट तेलाची धार. शेजारी भाजलेला पाव, त्यावर लसूण घासून त्याचा तुकडा वर ठेवलेला. सत्यभामाबाई ओरडल्याच, "अवो, हे त आपले वरणफळं!"

बळीरामजींच्या बापाची शिकवण अशी, की ताटाभोवती पाणी फिरवून एक घोट घेतल्याशिवाय घास उचलायचा नाही. समोर ग्लास होता. त्यांनी भक्तिभावानं वाडग्याभोवती धार फिरवली, डोळे मिटून घोट घेतला, आणि डोळे एकदम उघडले. ती पांढरी वाइन होती! अख्खी हयात दारूला शिव्या घातलेल्या माणसानं वाइनचं आचमन केलं होतं, तेही देवाचं नाव घेऊन.

सत्यभामाबाई अशा हसल्या म्हणता, की घास तोंडात, डोळ्यांत पाणी, आणि रोझा पाठीवर थापट्या मारतेय. "आता बाटलेच हाय त घ्या पुरा ग्लास," त्या म्हणाल्या. आणि स्वतःही घेतली, चांगला अर्धा ग्लास. मग त्या जेवायला लागल्या. पावानं वाडगा पुसून खाणं, लसणाचा तुकडा आधी वेचून घेणं, मध्येच बोलताना चमचा हवेत नाचवणं. बळीरामजी बघतच राहिले. इतकी वर्षं संसार केला, पण बायकोला असं जेवताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. घरी ती नेहमी पळी घेऊन उभी, आणि तिचं जेवण मागाहून, आत, एकटीचं.

रांझीला परतल्यावर पहिल्याच दिवशी ती पुन्हा पळी घेऊन उभी राहिली. "बस ना माझ्यासंग," ते म्हणाले. "पोळ्या थंड होतील," ती म्हणाली. दोनदा म्हणून पाहिलं, मग त्यांनाही सवय झाली. सवयीसारखी वाईट गोष्ट नाही.

विनतानं सगळं ऐकलं. घेवडा घरात होता. कणीक भिजवली, तुकडे तोडले, ऑलिव्हचं तेल केसांसाठी आणलेलं होतं, ते नको म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून खायचं मागवलं. राहिली वाइन.

ती आणायला बळीरामजी रांझीत कसे जाणार! तोंडाला गमछा गुंडाळून बसनं थेट दूरच्या अधारतालला, तिथल्या दारूच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "लाल या सफेद?" "जो पानी जैसी दिखे, वो." तेवढ्यात शेजारचा गमछा खोकला. खोकला ओळखीचा निघाला. दारूबंदी समितीचा सचिव, भैयालाल!

"बळीराम जी, आप!"

"भैयालाल, तुम!"

"वो... घुटनों की मालिश के लिए," भैयालाल म्हणाला.

"मैं थाली के चारों ओर घुमाने के लिए," बळीरामजी म्हणाले. अगदी खरं बोलले, पण भैयालालच्या चेहऱ्यावरून दिसलं की त्यानं मनोमन हात जोडले: थापा मारण्यात हा आपला गुरू. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, दोघं बाहेर पडून विरुद्ध दिशांना चालू लागले.

दुपारी ताट मांडलं. वाडग्यातून वाफ, पावावर लसूण. बळीरामजींनी वाइनची धार फिरवली, घोट घेतला, पहिला घास तोंडात घातला. दुसरा घातला. मग चमचा खाली ठेवला.

"नाही आली ना चव?" विनताचा चेहरा उतरला. "मीठ कमी आहे का? तेल टाकू अजून?"

"मीठ बरोबर आहे. सगळंच बरोबर आहे." त्यांनी वाडगा दूर सारला. "गेली ती, विनता. माझ्या हातून गेलीच ती."

विनता पळी घेऊन उभी होती. बळीरामजींनी डोळे पुसून वर पाहिलं, आणि पाहतच राहिले. तीच पळी. तेच उभं राहणं. या घरात सून येऊन किती वर्षं झाली, आणि ती लसूण आवडीनं खाते की वेचून बाजूला ठेवते, हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.

"तू उभी काहून आहेस?"

"तुमचं होऊ द्या ना आधी. मी नंतर बसते."

बळीरामजी उठले. तिच्या हातातली पळी काढून घेतली, खुर्ची ओढली, वाडगा भरला, ग्लासात दोन बोटं वाइन ओतली. विनता अंग चोरून बसली. सासऱ्यानं वाढलेलं खायचं म्हणजे काय ते! घाबरून तिनं ग्लासच तोंडाला लावला.

"ईऽऽ, बाबा! ये तो एकदम खट्टी है!" आणि ती हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, ठसक्यात पुन्हा हसू, आणि हातातला चमचा हवेत. बळीरामजी तिच्या पाठीवर थापट्या मारू लागले. तेही हसत होते, आणि गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

ठसका थांबल्यावर विनतानं पावानं वाडग्याची कड पुसली. लसणाचा तुकडा मात्र तिनं हळूच बाजूला सारला.

"अच्छा! लसूण नाही आवडत तुले?"

"कच्चा नाही आवडत," ती ओशाळून म्हणाली.

बळीरामजींनी तो तुकडा आपल्या पावावर ठेवला आणि मोठा घास घेतला. चावत राहिले, बराच वेळ.

"बाबा? आली का चव?"

"आली." त्यांनी मान हलवली. "आता आली. उद्यापासून माझ्यासंगच बसत जा जेवायले."

"पण बाबा, पोळ्या थंड होतील."

बळीरामजींचा हात क्षणभर थांबला.

"होऊ दे," ते म्हणाले. "थंड खाऊ."