एका शिवीपुरता वेळ

वरचीनं बत्ता उचलला आणि भिंतीवरचा दिवा लागला.

हा दिवा म्हणजे त्या घरातली दारावरची घंटा. वरचीला घंटा ऐकू येत नसे, म्हणून तिच्या थोरल्या मुलानं, जो सिटी बस चालवायचा, घंटेची तार काढून दिव्याला जोडली होती. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला. दाराबाहेरचा माणूस घंटा वाजवत नव्हता, तिच्यावर राग काढत होता. वरचीनं खलातल्या मिऱ्यांवर आणखी दोन घाव घातले आणि मगच ती उठली. हातातला बत्ता खाली ठेवायचा राहून गेला. निदान नंतर तिनं तसं सांगितलं.

दारात बिल्डिंगचा सेक्रेटरी उभा होता. त्याच्या मागे, बरोबर खालच्या मजल्यावरची बाई. बिल्डिंगमध्ये या दोघींना कुणी नावानं ओळखत नसे. ही वरची, ती खालची.

खालचीनं डोकं पुढे वाकवलं. केसांत चुन्याची पूड होती.

"बघा. हिच्या घरची जमीन माझ्या टाळक्यात पडतेय."

हे ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की पार तळमजल्यावरचं दार उघडलं. कारण तीही जवळजवळ वरचीइतकीच बहिरी होती, डाव्या कानाशी तोंड लावून कुणी ओरडलं तरच काय ते थोडं कळायचं. आता दोन बहिऱ्या बायकांचं आवाजावरून भांडण, हे कुणालाही थाप वाटेल. पण खालचीची तक्रार कानांची नव्हतीच. वर बत्ता पडला की तिचा छताचा दिवा डोलायचा, कपातल्या चहावर वर्तुळं उठायची. वरचीची तक्रार खालच्या टीव्हीची. तो लागला की त्याची गुणगुण फरशीतून तिच्या टाचांत शिरायची आणि गुडघ्यांत जाऊन बसायची. ऐकू दोघींनाही यातलं काही येत नव्हतं. ऐकावं लागत होतं ते बाकीच्या बिल्डिंगला: बत्ता, टीव्ही आणि या दोघींचे गळे.

"तुझं टाळकं मुळातच पोकळ," वरची ओरडली. "पूड काय, कुणी धान्य साठवलं तरी मावेल."

"हातात लोखंड घेऊन बोलतेय टवळी. डॉक्टर, बघताय ना?"

सेक्रेटरी निवृत्त झालेला दातांचा डॉक्टर. सारा जन्म त्याचा लोकांना तोंड उघडा म्हणण्यात गेला होता, आणि आता म्हातारपणी दोन बायकांना तोंड मिटा म्हणायची पाळी आली होती. त्याचा काही तेवढा सराव नव्हता. त्यानं घसा खाकरला.

"घरमालकाचा निरोप आहे, आजी. खालच्या आजींनी आणखी एक तक्रार केली, की हे घर रिकामं करायचं. एकच."

सेक्रेटरीला भरघोस मिशी होती आणि मिशीवाल्यांचे शब्द वरचीला अर्धेच कळत. पण 'घर' आणि 'रिकामं' एवढे कळले, आणि तेवढे पुरले.

संध्याकाळी थोरला कामावरून आला. तो ओरडला नाही. आईला तोंड दिसेल असा समोर येऊन बसला, दिवा मागे राहणार नाही असा.

"आई, हे घर गेलं तर आम्हाला गावाबाहेर कुठेतरी एक खोली मिळेल. तुला धाकट्याकडे जावं लागेल."

धाकट्याच्या घरी वरचीची खाट दाराकडे पाठ करून टाकलेली असायची. कोण आलं, कोण बोललं, कळायला मान मोडावी लागे. आणि धाकटी सून बोलताना तोंडावर हात ठेवायची. मागच्या वेळी ती तिथे राहिली तेव्हा दोन महिने कुणी तिला एक शब्द सांगितला नव्हता. म्हणजे सांगितलाही असेल, पण हाताआड.

"मिक्सर आहे ना घरात," थोरली सून म्हणाली.

"मिक्सरमध्ये मिरी जळते."

"घर जाण्यापेक्षा मिरी जळलेली बरी, आई."

वरचीनं खलबत्ता टॉवेलात गुंडाळला आणि वरच्या फळीवर ढकलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कचरा ठेवायला बाहेर आली. जिन्याच्या मधोमध पोकळी होती, वर काचेचं छप्पर, आणि त्या पोकळीभोवती वरपासून खालपर्यंत एकच सलग लोखंडी कठडा. वरचीनं वाकून पाहिलं. खालची आपल्या दारात उभी राहून वर बघत होती. हसत होती.

वरचीचं तोंड उघडलं. घर आठवलं. आवाज घशातच दाबला. पण गिळलेला राग पोटात राहत नाही, तो कुठूनतरी वाट काढतोच, तसं झालं. तिनं आवाज काढलाच नाही, नुसत्या ओठांनी शिवी दिली. सावकाश, एकेक अक्षर ताणून, जशी ती तरुणपणी कापडगिरणीत देत असे.

गिरणीत मागांचा खडखडाट असा, की शेजारणीच्या कानात बोंबललं तरी व्यर्थ. तिथे बायका ओठांनी बोलत. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी लग्नं ठरवायची, मोडायची, आणि मधल्या मुकादमाला पत्ता नसायचा. कुणी पाठमोरी असली तर लाकडी जमिनीवर टाच आपटायची. हादरा तिच्या तळपायाला लागला की ती वळायची. त्यातच दोघींचेही कान गेले होते.

दोघींचे, हे वरचीला त्या क्षणी कळलं. कारण खालचीचं हसू मावळलं, आणि तिनं उत्तर दिलं. तेही बिनआवाजाचं, अक्षर न् अक्षर ताणून, आणि शिवी अशी की जी गिरणीबाहेर कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"कुठली गिरणी?" खालचीच्या ओठांनी विचारलं.

"नदीअलीकडची. तू?"

"पलीकडची."

"म्हणजे आमचा संप मोडणारी."

"आम्हाला पोरं होती घरी."

"आम्हाला काय मांजरं होती?"

झालं. आतापर्यंत भांडणाला नुसतं छत होतं, आता पायाही मिळाला.

त्या दिवसापासून रोज सकाळी, थोरला कामाला गेला की, वरची कठड्याशी यायची, खालची दारात यायची, आणि त्या पोकळीतून शिव्यांची अशी देवाणघेवाण चालायची की ऐकू आली असती तर बिल्डिंगचा रंग उडाला असता. ऐकू काहीच येत नव्हतं. जिन्यात टाचणी पडली तरी कळावं अशी शांतता. नुसते चार ओठ हलताहेत, मधूनच एखादा हात. समोरच्या घरातली मांजर म्हणे रोज हे बघायला बसायची, आणि एका मंगळवारी ती जी घर सोडून गेली ती गेलीच. मांजरांना ओठ वाचता येत असावेत.

सेक्रेटरी खूश. मीटिंगमध्ये त्यानं आपली पाठ आपणच थोपटून घेतली. बिल्डिंगमध्ये शांतता नांदतेय, म्हणाला.

छपरातून येणारा उजेड खालचीच्या तोंडावर पडायचा, वरचीचं तोंड मात्र अंधारात राहायचं.

"जरा पुढे वाक," खालची म्हणायची. "अर्धी शिवी कळली नाही."

वरची पुढे वाकायची आणि पहिल्यापासून द्यायची. कामात कुचराई तिला माहीत नव्हती.

मग काहीतरी बिनसलं. पहिल्यांदा वरचीला आपल्या टाचांवरून शंका आली. खालचा टीव्ही बंद झाला होता. फरशी गार आणि मुकी. वरचीला वाटलं, जिंकले. तिनं सुनेला तसं ऐटीत सांगितलंही. पण मग खालचीची उत्तरं चुकायला लागली. वरचीनं तिच्या टीव्हीची चौकशी करून डिवचलं, तर खालचीनं तिच्या मुलाच्या बसला शाप दिला. वरचीनं तिच्या गिरणीचं नाव घेतलं, तर खालची म्हणाली, तुझ्याच तोंडात माती. तोंडात माती हे उत्तर कशालाही चालतं. म्हणूनच ते वरचीला खटकलं.

एका सकाळी ती कठड्याशी आली, पुढे वाकली, आणि तिनं तोंड उघडलंच नाही. ओठ घट्ट मिटून नुसती उभी राहिली.

खालची वर बघत होती. एका शिवीला लागतो तेवढा वेळ ती थांबली. मग तिनं उत्तर दिलं.

वरचीनं पुन्हा तेच केलं. मिटलेलं तोंड, तेवढाच थांबा, आणि पुन्हा उत्तर, आधीपेक्षा जळजळीत, मान झटकून.

वरची घरात गेली. खरं तर आनंद व्हायला हवा होता. दुपारभर तिनं तो होतोय का बघितलं. सुनेनं विचारलं, "आई, बरं वाटत नाही का?" वरचीनं डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की जगात कुणालाही तिच्याशी बोलता येत नसे. हे तिचं जुनं हत्यार होतं, आणि आज ते तिला पहिल्यांदाच नकोसं वाटलं. तिनं चटकन डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी तिला बाहेर यायला उशीर झाला. कुणीतरी धुतलेलं निळं ब्लँकेट तिच्या मजल्याच्या कठड्यावर, पार दुसऱ्या टोकाला वाळत टाकलं होतं. वरचीचा स्वेटरही निळाच. आणि खालची दारात उभी राहून, एक हात कठड्यावर ठेवून, त्या ब्लँकेटला शिव्या देत होती.

मनापासून देत होती. मधेच थांबायची, ब्लँकेटचं ऐकून घ्यायची, आणि पुन्हा सुरू.

खालच्या पायऱ्यांवर सेक्रेटरीची बायको आणि तळमजल्यावरचा विमा एजंट उभे होते. दोघंही वर बघत हसत होते. एजंटानं चहाचा कप सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला होता, इतका तो हसत होता. सेक्रेटरी खालचीच्या शेजारच्या आपल्या दारातून डोकावला आणि मिशीखाली तोही हसला. खालचीला यातलं काही ऐकू जात नव्हतं, दिसतही नव्हतं. दिसत होतं ते फक्त वरचीला.

वरची वळली, घरात गेली, स्टुलावर चढली. फळीवरून टॉवेलाचं गाठोडं ओढलं आणि बत्ता बाहेर काढला.

सून दारात आडवी आली. "आई, काय करताय?"

"हाक मारतेय."

"आणि घर?"

वरचीनं तिच्याकडे नीट पाहिलं. डोळे मिटले नाहीत. मग हातानं तिला हळूच बाजूला केलं आणि बाहेर येऊन बत्ता कठड्यावर हाणला.

तो दणका वरपासून खालपर्यंत लोखंडातून गेला. एजंटाचा चहा सदऱ्यावर सांडला. काचेच्या छपरावरची कबुतरं उठली ती म्हणे पुढल्या महिन्यात परतली. खालचीचा कठड्यावरचा तळवा चटका बसल्यासारखा उचलला गेला आणि पुन्हा तिथेच टेकला. तिचं तोंड ब्लँकेटवरून फिरलं, आणि सरळ, बरोबर, वरचीवर येऊन थांबलं.

सेक्रेटरी दोन ढांगांत खालचीजवळ पोहोचला. तिच्या डाव्या कानात अजून थोडी धुगधुगी होती. त्याला तोंड लावून तो ओरडायला लागला. वरचीला वरून फक्त मिशी हलताना दिसली. पण उजेड खालचीच्या तोंडावर होता.

"काय?" खालची म्हणाली.

मिशी हलली.

"आवाज? कसला आवाज?"

मिशी बरीच हलली. सेक्रेटरीनं वर बोट दाखवलं, मग कठड्याकडे, मग बायकोकडे आणि एजंटाकडे, साक्षीदार म्हणून. वरचीच्या मागे सून येऊन उभी राहिली होती. तिनं सासूचा स्वेटर मागून मुठीत धरला होता.

खालचीनं सगळं ऐकून घेतलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "मी बहिरी आहे. इतकी वर्षं शेजारी राहता, एवढंही ठाऊक नाही तुम्हाला?"

मिशी थांबली.

"आणि ही अवदसा कसला आवाज करणार? हिच्या मनगटात जोर असता तर हिच्या गिरणीच्या कापडातून चहा गाळायची वेळ आली नसती. जा, बायकोला घरात घ्या. काम नाही का तिला?"

सेक्रेटरी बायकोला घेऊन आत गेला. एजंट सदरा झटकत खाली उतरला. जिना रिकामा झाला.

खालची होती तिथेच होती. हात कठड्यावर, तोंड वर.

वरची पुढे वाकली. सांगायचं पुष्कळ होतं, पण आता ते खाली जाणार कसं? टाच आपटली की माणूस नुसता वळतो, त्यापुढचं ओठांनीच सांगावं लागतं. तिनं बत्ता उचलला आणि कठड्यावर हळूच टेकवला, सुनेलाही कळू नये इतका हळू. तोंड मिटलेलंच ठेवलं.

खालची थांबली, एका शिवीला लागतो तेवढा वेळ. मग तिनं उत्तर दिलं. शिवी जुनीच होती, पलीकडच्या गिरणीतली, पण तिनं ती पूर्ण दिली, एकही अक्षर न गाळता, आणि सरळ वरचीच्या तोंडावर.