डाव्या चाकाची नोंद

२४ फेब्रुवारी, मंगळवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे झाली होती. विद्यापीठाच्या यंत्रविभागामागील वाहनतळावर अडुसष्ट जागांपैकी एकसष्ट जागा भरलेल्या होत्या. परवाना अधिकाऱ्यांनी सवयीने मोजणी पुरी केली आणि मग सत्तावीस क्रमांकाच्या जागेवरील जुन्या राखी गाडीचा वायपर दोन बोटांनी उचलला. तो सहजी उचलला गेला नाही. रबर काचेला चिकटले होते. सुटताना त्याने आपल्या लांबीची एक स्वच्छ रेघ मागे ठेवली. बाकी सगळ्या काचेवर धूळ होती.

अधिकाऱ्यांच्या हातात परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज होता. नाव, हुद्दा, गाडीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, सारे त्यांनी स्वतःच्या अक्षरात भरले होते. फक्त सहीची चौकट रिकामी होती. मुदत संपायला चार दिवस उरले होते. असा अर्ज कोणाच्या गाडीला खोचून ठेवायचा नाही, सही खिडकीवर समक्ष घ्यायची, असा नियम होता, आणि वाहनतळाचे इतर सगळे नियम लिहिले तेव्हा तोही त्यांनीच अकरा वर्षांपूर्वी लिहिला होता. गाडी त्यांच्या थोरल्या भावाची होती.

भाऊ त्याच विद्यापीठाच्या कार्यशाळेत लेथ शिकवत असे. सगळे त्याला मास्तर म्हणत. अधिकाऱ्यांना मात्र सगळे फूटपट्टी म्हणत, अर्थात पाठीमागे. साहेबांची स्वतःची सावली रेघेबाहेर पडली तर ते तिच्याही नावाने पावती फाडतील, हा कार्यालयातला जुना विनोद होता. तो त्यांच्या कानावर आला होता आणि त्यांना तो फारसा चुकीचा वाटला नव्हता.

चार वर्षांपूर्वी मास्तरांनी लेथचा एक जड भाग उतरवण्यासाठी गाडी अग्निशामक बंबाच्या वाटेवर वीस मिनिटे उभी केली. अधिकाऱ्यांनी ती उचलून न्यायला लावली. गाडीचा नंबर वाचल्यावरही लावली. क्रेनच्या आकड्यात पुढचा बंपर वाकला. मास्तर खिडकीवर आले, रांगेत उभे राहिले, पाळी आल्यावर दंड भरला आणि सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाले, “नियम तुझा बरोबर आहे. पण मी पन्नास पावलांवर होतो रे.”

त्यानंतर दोघांत बोलणे उरले नाही. वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, मास्तर नूतनीकरणासाठी खिडकीवर येत. अधिकारी अर्ज सरकवत, मास्तर सही करत, अधिकारी नवा बिल्ला पुढे ठेवत. यंदा आपण काहीतरी बोलायचे, असे अधिकाऱ्यांनी सलग तीन वर्षे फेब्रुवारीत ठरवले होते आणि तीनही वेळा बिल्ला पुढे ठेवला होता.

३० जानेवारीला वहिनींचा फोन आला. मास्तर २७ तारखेला कार्यशाळेतच कोसळले, ऑपरेशन झाले आहे, डॉक्टर आता बरे आहे म्हणतात, जमले तर येऊन जा, एवढेच त्या बोलल्या. येतो, असे अधिकारी म्हणाले. कसले ऑपरेशन, हे विचारायचे त्यांना फोन ठेवल्यावर सुचले. पुन्हा फोन करून विचारणे विचित्र दिसले असते. काय बोलायचे याची जुळवाजुळव करण्यात आठवडा उलटून गेला. ९ फेब्रुवारीला मात्र त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा लिहून दिली आणि इस्त्रीचा शर्ट घालून ते कामावर आले. दुपारी निघायच्या आधीच टेबलावर गेल्या आठवड्याचे नोंदपत्रक आले.

या नोंदीची पद्धत सांगायला हवी. प्रत्येक तळावरचा वॉचमन रविवार सोडून रोज सकाळी सात वाजता दर गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाकडे पाहतो. चाकात हवा भरण्याचा जो व्हॉल्व्ह असतो, तो घड्याळाच्या काट्यासारखा किती वाजता उभा आहे, तेवढा आकडा तो लिहितो. गाडी बाहेर जाऊन परत आली की व्हॉल्व्ह क्वचितच पुन्हा त्याच ठिकाणी येतो. सलग तीन दिवस एकच आकडा दिसला तर त्याभोवती लाल गोल करायचा, सात दिवस दिसला तर नोटीस लावायची, पंधरा दिवस दिसला तर गाडी बेवारस धरून उचलायची आणि परवाना रद्द करायचा. खडूची खूण पुसता येते, वॉचमनला भीड घालता येते. चाकाला मात्र खोटे बोलता येत नाही, असे अधिकारी नव्या वॉचमनना शिकवत.

त्या पत्रकात सत्तावीस क्रमांकापुढे लिहिले होते: पाच, आठ, सहा, चार, सात, पाच. लाल गोल एकही नव्हता.

अधिकाऱ्यांनी ते सहा आकडे दोनदा वाचले. मास्तर आठवडाभर रोज कामावर आले होते. म्हणजे ऑपरेशन किरकोळच असणार. वहिनींचा स्वभाव पहिल्यापासून घाबरट. आता दवाखान्यात कशाला जायचे? माणूस कामावर येतो आहे, महिनाअखेरीला खिडकीवरही येईल. त्यांनी रजेचा कागद परत मागवून घेतला. त्या दिवशी त्यांनी शिपायाला आपणहून चहा पाजला, याची कार्यालयात दोन दिवस चर्चा होती.

पुढच्या दोन्ही सोमवारी त्यांनी पत्रक आल्याबरोबर आधी सत्तावीस क्रमांक पाहिला. आकडे बदलत होते. खिडकीवरच्या कारकुनाला त्यांनी सांगून ठेवले की मास्तर आले तर मला आतून बोलवा, रांगेत उभे करू नका. कारकुनाने मान हलवली आणि वर पाहण्याचे टाळले. मास्तरांचा विषय साहेबांसमोर काढायचा नाही, हे चार वर्षांत सगळ्यांच्या अंगवळणी पडले होते.

आणि आता, वायपर हातात धरून, अधिकारी त्या धुळीकडे पाहत होते.

ते गाडीच्या बाजूला आले, पँट किंचित वर ओढून गुडघ्यावर बसले आणि खाली वाकून पाहिले. गाडीला तेल गळायची जुनी खोड होती. इंजिनाखाली फरशीवर काळे ठिपके पडले होते, एकामागे एक, सरळ ओळीत. अधिकाऱ्यांनी खिशातली पट्टी काढून ओळ मोजली. सत्तावन्न सेंटिमीटर भरली. ओळीच्या पुढे ठिपका नव्हता, मागे नव्हता, जागेच्या पांढऱ्या रेघेबाहेर तर एकही नव्हता.

गुडघ्यावर बसूनच त्यांनी खिशातल्या वहीत हिशेब मांडला. चाकाचा घेर एकशे एकाहत्तर सेंटिमीटर. त्याचा तिसरा भाग सत्तावन्न. तिसरा भाग म्हणजे घड्याळातले चार तास. ते उठले, चौकीत गेले आणि त्यांनी २८ जानेवारीपासूनची पत्रके काढून घेतली. चोवीस दिवसांच्या चोवीस नोंदी होत्या. चार, पाच, सहा, सात, आठ. एकदाही नऊ नव्हते, बारा नव्हते, दोन नव्हते. रस्त्यावर जाऊन आलेले चाक चोवीस वेळा घड्याळाच्या त्याच एका कोपऱ्यात थांबत नाही. दुसऱ्या कोणाच्या गाडीच्या बाबतीत हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात पकडले असते.

वॉचमन दारात उभा होता. वय पन्नाशीचे, खांदे रुंद. काय झाले ते त्याने टेबलावरची पत्रके पाहून ओळखले आणि टोपी काढून हातात घेतली.

“गाडी कोण हलवतं?” अधिकाऱ्यांनी विचारले.

“मी, साहेब.”

“चालवता येते तुला?”

“नाही. ढकलतो. हँडब्रेक सोडायचा, खांदा लावायचा. कधी पुढं, कधी मागं.”

मग त्याने सगळे सांगितले. मास्तरांना स्ट्रेचरवरून नेत होते तेव्हा त्यांनी गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली. गाडी जागेवरून हलू देऊ नको, महिन्याभरात येतो आणि चालवत घरी नेतो, असे म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता चाकाचा आकडा लिहिताना त्याला पंधराव्या दिवसाची आठवण झाली. मास्तरांनी त्याच्या मुलाला संध्याकाळचे थांबून थांबून लेथ शिकवली होती, मुलगा आज कारखान्यात कायम आहे. तेव्हा आकडा तोच लिहिणे त्याच्याने होईना.

“हलू देऊ नको म्हणाले,” वॉचमन म्हणाला, “म्हणून रोज हलवत होतो.”

अधिकारी हसले नाहीत. “वहीत नुसता वेगळा आकडा लिहिता आला असता.”

वॉचमनचा चेहरा पहिल्यांदाच दुखावल्यासारखा झाला. “खोटं कसं लिहू, साहेब? तुम्हीच शिकवलंय. एक आकडा खोटा निघाला तर कापा माझा पगार. चाक जिथं होतं, तिथलंच लिहिलंय.”

“आजारपणाच्या रजेत सूट मिळते. नियम अकरा, पोटनियम क. साधा अर्ज लागतो.” हे बोलताना अधिकाऱ्यांच्या लक्षात आले की आपण पोटनियमाचे अक्षरही बरोबर सांगितले आहे. “माझ्याकडे यायचं होतंस.”

वॉचमनने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“भावाची गाडी ज्यांनी उचलली,” तो म्हणाला, “त्यांच्याकडे कोण जाईल?”

अधिकाऱ्यांनी चोवीस दिवसांची पत्रके तारखेप्रमाणे लावली, कडा ठोकून सारख्या केल्या आणि दवाखाना कोणता, एवढेच विचारले. वॉचमन दर रविवारी तिथे जाऊन येत होता. त्याने मजला आणि खाटेचा क्रमांकही सांगितला. आणखी काही सांगावे असे त्याच्या ओठांवर आले होते, पण अधिकारी तोवर पायऱ्या उतरले होते.

दवाखान्यात भेटीची वेळ चार ते सहा होती. अधिकारी स्वतःची गाडी कधीच वापरत नसत. बस बदलून ते पोचले तेव्हा चार वाजून वीस मिनिटे झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या लांब खोलीत, खिडकीजवळच्या खाटेशी वहिनी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी पाहिले, ओळखले आणि स्टुलावरून उठून पिशवी खाली ठेवली.

“या भावोजी. बसा.”

ते बसले. मास्तरांच्या डोक्याला पट्टी होती, दाढी कोणीतरी नीट केलेली होती. डोळे उघडे होते आणि छताकडे लागलेले होते. अधिकाऱ्यांनी हाक मारली, “दादा.” मग थोडे वाकून पुन्हा मारली. डोळे हलले नाहीत.

“ऐकू येत असेल,” वहिनी म्हणाल्या. “डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही.”

“फोनवर तुम्ही बरं आहे म्हणाला होतात.”

“होतेच. दोन आठवडे चांगले बोलत होते. वॉर्डबॉयला लेथ शिकवायला निघाले होते.” त्यांना थोडे हसू आले आणि त्या थांबल्या. “चौदा तारखेच्या रात्री डोक्यात पुन्हा रक्तस्राव झाला. तेव्हापासून असे.”

अधिकाऱ्यांनी गुडघ्यावरचे हात एकमेकांत अडकवले. चौदा वजा नऊ. वजाबाकी त्यांनी केली नाही. ती आपोआप झाली.

वहिनींनी चादरीची सुरकुती सारखी केली. रागावून बोलावे इतके बळ त्यांच्या आवाजात नव्हते, आणि कदाचित तशी इच्छाही नव्हती. चार वाजले की हे दाराकडे पाहायचे, असे त्यांनी सांगितले. पाच वाजले की म्हणायचे, त्याचं ऑफिस साडेपाचला सुटतं, सुटल्याशिवाय तो नाही उठणार. सहा वाजता म्हणायचे, उद्या.

“पुन्हा एक फोन करू का, म्हणून मी विचारलंही,” त्या म्हणाल्या. “नको म्हणाले. येतो म्हणालाय ना, मग येईल. तो बोललेलं मोडत नाही, म्हणाले.”

समोरच्या खाटेवरच्या रुग्णाला कोणीतरी संत्रे सोलून देत होते. अधिकारी त्या हातांकडे पाहत राहिले.

“मला वाटलं, दादा कामावर यायला लागला.”

“कामावर?” वहिनींनी त्यांच्याकडे नीट पाहिले. “असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

वॉचमनचे नाव जिभेवर आले होते. तो रविवारी इथे येत होता, या स्टुलावर बसत होता, आणि वहिनी त्याला बहुधा आपल्या माणसांत धरत होत्या.

“कुणी नाही,” ते म्हणाले. “माझी मीच समजूत करून घेतली.”

वहिनींनी आणखी विचारले नाही. त्या पाणी आणायला बाहेर गेल्या. अधिकाऱ्यांनी स्टूल खाटेच्या आणखी जवळ ओढले आणि चादरीबाहेर आलेला भावाचा हात हातात घेतला. तळव्याला लेथवरच्या जुन्या भाजल्याच्या खुणा होत्या, त्या त्यांनी प्रथमच जवळून पाहिल्या. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. आवाज हळू होता. शेजारच्या खाटेला ऐकू जाणार नाही इतका. वहिनी तांब्या घेऊन परतल्या तेव्हा ते बोलतच होते. त्या दाराशीच थांबल्या.

दुसऱ्या दिवशी ते पावणेचारला येऊन जिन्यात उभे राहिले. त्यानंतर रोजच.

मास्तर १ मार्चला, भेटीची वेळ संपल्यावर, रात्री साडेआठला गेले. अधिकाऱ्यांना मिळाले ते सहा दिवस, रोजचे दोन तास; पहिल्या दिवशीची वीस मिनिटे वजा जाता, एकूण अकरा तास चाळीस मिनिटे.