दार न मिळालेले कुलूप

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. दारात बसवण्यासाठी मला घडवले गेले, पण आजवर मी एकही दार राखलेले नाही.

कारखान्यात माझ्याबरोबर शेकडो कुलुपे तयार झाली. प्रत्येकाच्या पोटात छोट्या खुंट्या आणि केसासारख्या बारीक स्प्रिंगा बसवल्या गेल्या. योग्य चावी आत शिरली की साऱ्या खुंट्या एका रेषेत येतात आणि कुलूप फिरते. खोक्यात शेजारी शेजारी पडून आम्ही आपापल्या घरांची स्वप्ने पाहायचो. मग एकेक भावंड विकले गेले. मला मात्र एका कुलूपवाल्याने नेले. त्याने मला बाकावरच्या लोखंडी पकडीत आवळले आणि कानशीने घासून माझी एक कूस उघडी केली. आतल्या खुंट्या शिकणाऱ्याला दिसाव्यात, म्हणून. उघड्या पोटाचे कुलूप कोण दाराला लावणार? मी सरावाचे कुलूप झाले.

कुलूपवाल्याला सगळे चावीकाका म्हणत. जिन्याखालचे त्याचे दुकान इतके अरुंद होते, की दोन गिऱ्हाइके आली तर एकाला रस्त्यावर उभे राहावे लागे. त्याला घरी वाट पाहणारे कोणी नव्हते. दुपारी डबा खाताना तो माझ्याकडे बघत बसे. आम्ही दोघेही तसे एकटेच.

शिकायला पुष्कळ जण येत. आठवड्यात सगळी कुलुपे उघडता यावीत, अशी त्यांची इच्छा असे. काका त्यांच्या हातात पितळेचा तुकडा आणि कानस देत व म्हणत, "आधी ही कड सरळ करून दाखवा." दोन दिवस हात भरून आले, की मंडळी पसार होत.

एके दिवशी पन्नाशीची एक बाई आली. तिने जन्मभर कपडे शिवले होते. आता नजर मंदावली होती आणि सुईत दोरा ओवता येत नव्हता. सगळे तिला शिलाईवाली म्हणून ओळखत.

"काका, डोळे दमले, पण बोटं अजून शाबूत आहेत. शिकवाल का?"

"शिकवीन. पण आधी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणा. दुसऱ्याचं दार उघडायला शिकताय, बटणं लावायला नाही."

तिने दाखला आणला आणि ती टिकली. कड सरळ करायला शिकली, मग कोरी चावी घासून तिला दाते पाडायला शिकली. मला पूर्ण खोलून पुन्हा जोडू लागली. पहिल्यांदा माझ्या खुंट्या जमिनीवर सांडल्या, तेव्हा ती गुडघ्यांवर बसून हाताने चाचपत एकेक शोधत राहिली. शेवटी काकांनी माझ्यावर फडके टाकले आणि तिला चावीशिवाय, बारीक तारेच्या आकड्याने, नुसत्या स्पर्शावर मला उघडायला सांगितले.

"अहो काका, हे कुलूप आहे की माझ्या सासूबाई? जेवढं मागे लागावं, तेवढं अडून बसतंय!"

"सासूबाईंपुढे जोर चालायचा का?"

"छे! गोडीगुलाबीनंच घ्यावं लागायचं."

"मग इथंही तसंच. जोर केला की कुलूप उघडत नाही, मोडतं."

ज्या दिवशी तिने मला उघडले, त्या दिवशी ती लहान मुलीसारखी ओरडली. मलाही आनंद झाला. पण पुढच्याच क्षणी मन रिते झाले. मी उघडले खरे, पण माझ्यापलीकडे काहीच नव्हते.

मग तो दिवस आला. काका तापाने घरी पडून होते. इस्त्रीच्या कपड्यांतला एक माणूस घाईघाईने दुकानात आला. "वडिलांच्या खोलीची चावी हरवलीय. लगेच चला."

ती कधी एकटी गेली नव्हती. घाईत तिने हत्यारांबरोबर मलाही पिशवीत भरले. मी प्रथमच बाहेर पडले.

त्याच्या घरचा जिना चढून ती एका बंद दारापुढे बसली. पिशवीच्या तोंडातून मला त्या दारात बसवलेले कुलूप दिसले. अगदी माझ्याच घडणीचे! तिने आकडा आत घातला, तोच आतून खोकल्याचा आवाज आला. तिचा हात थांबला.

"आत कोण आहे?"

"वडील आहेत. डोकं फिरलंय त्यांचं. तुम्ही तुमचं काम करा."

तिने दारावर टकटक केली. "बाबा, मी कुलूपवाली. उघडू का?"

"नको गं पोरी," आतून थकलेला आवाज आला. "त्याला ही खोली हवीय. मला कुठंतरी नेऊन टाकायचं म्हणतोय."

"तुमच्याजवळ पाणी, औषध आहे ना?"

"सगळं आहे. संध्याकाळी माझी लेक येतेय."

तो माणूस कडाडला, "पंचायत करायला बोलावलं नाही तुम्हाला!"

पण तिने आकडा काढून घेतला. "खोलीत राहणारा माणूस नको म्हणतोय. मी हे दार उघडणार नाही."

"दुसऱ्याला आणीन!"

"आणा. तोवर मी इथेच जिन्यात बसते."

आणि ती बसली. मी पिशवीतून त्या कुलुपाकडे बघत राहिले. म्हातारा आतून दाराला टेकून बसला असावा, आणि त्याच्या आणि बाहेरच्या जगाच्या मध्ये माझे ते भावंड उभे होते. मला हेवा वाटला. इतके एकटे मला त्याआधी कधीच वाटले नव्हते.

संध्याकाळी लेक आली. "बाबा, मी आलेय," ती म्हणाली, आणि कुलूप आतून हळूच फिरले.

दुसऱ्या दिवशी शिलाईवालीने काकांच्या घरी जाऊन खाली मान घालून सगळे सांगितले. "पहिलंच काम, आणि न उघडताच परत आले."

काका उशीला टेकून उठून बसले. मग म्हणाले, "उघडायला तर कुणीही शिकेल. तुम्ही आता एकट्या कामाला जा."

पुढे काका गेले आणि दुकान ती चालवू लागली. तिला दिवसभर बोलावणी येतात. मी वरच्या फळीवर, रिकाम्या डब्यांच्या मागे आहे. तिचा हात माझ्याजवळून जातो, पण थांबत नाही. तिचा दोष नाही. काम शिकलेल्या हाताला सरावाचे कुलूप कशाला लागेल? आता आतले सगळे दिसणारी पारदर्शक कुलुपेही मिळतात म्हणे.

मित्रांनो, ज्या वस्तूवर तुम्ही पहिल्यांदा हात बसवला, तिला कधीतरी खाली काढा. धूळ पुसा, तेलाचा एक थेंब द्या. आणि एखादा नवशिका दारात आलाच, तर मला त्याच्या हाती द्या. माझ्या खुंट्या अजून हलतात.