दीने म्हणजे कधीचं जेवण

बस मुक्कामघरापुढे येऊन उभी राहिली, तेव्हा मिरेयच्या हातात अर्धा सोललेला बटाटा होता. दुपारचे साडेबारा वाजले होते. दारातून एकेक करत बत्तीस पोरं खाली उतरली.

ही मंडळी संध्याकाळी जेवायला यायची होती. निदान तिने तरी तसंच धरलं होतं. मांस नुकतंच चुलीवर चढलेलं, सहाच्या आत काही मऊ पडणार नव्हतं. ताजा पाव तीनला यायचा होता. आणि पाहुण्यांच्या स्वागताला गावचा मेयर गिल्बेर नेमका आजच दारात हजर.

एकवीस वर्षं मिरेय हे स्वयंपाकघर सांभाळत होती. शहरातल्या शाळा मुलांना घेऊन आठ-आठ दिवस डोंगरात अभ्यासाला येत. मुलं ओढे मोजत, कुरणांचे नकाशे काढत आणि तिच्या हातचं जेवत. या एकवीस वर्षांत तिचे गुडघे गेले, कंबर गेली. मदतीला एक बाई द्या म्हणून ती तीन वर्षं घसा कोरडा करत होती. त्यावर गावाने शोधलेला उपाय काय, तर खालच्या शहरातल्या कंपनीकडून तयार जेवणाचे डबे मागवायचे. त्यात हिवाळ्यात एका शाळेने जेवण उशिरा मिळाल्याची तक्रार केलेली. गिल्बेर म्हणाला होता, हा आठवडा नीट जाऊ दे, मग डब्यांचं बघू.

आणि आठवडा सुरू झाला तो असा.

मुलांना घेऊन आलेली शिक्षिका क्लेमांस हसत स्वयंपाकघरात शिरली. कच्चे बटाटे दिसले आणि तिचं हसू मावळलं.

"फोनवर सांगितलं होतं ना मी, सोमवारचं दीने इथेच म्हणून?"

"सांगितलंत की. म्हणून तर संध्याकाळची तयारी करतेय."

क्लेमांसचे कान लाल झाले. "पण तुमच्याकडे दीने म्हणजे दुपारचं ना? माझी आजी याच खोऱ्यातली, ती तसंच म्हणायची. म्हटलं, तुमच्या गावात येतोय, तर तुमच्यासारखं बोलावं."

मिरेय एवढी थकलेली नसती, तर खो-खो हसली असती. गावात दुपारचं जेवण ते दीने, संध्याकाळचं ते सूपे. शहरात मात्र दीने संध्याकाळचं. पहिल्याच वर्षी या घोळात तिने चाळीस जणांचं जेवण दुपारी मांडून ठेवलं होतं. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला, की शहरी माणसाचा शब्द शहरी अर्थानेच घ्यायचा. आता शहरातली बाई गावचं बोलली, गावातली बाई शहराचं समजली. दोघी एकमेकींचं मन राखायला गेल्या आणि पोरं उपाशी राहिली.

"कांदा चिरता येतो का?" तिने विचारलं.

"येतो."

"मग बाह्या सारा वर."

पुढचा पाऊण तास मिरेयने कंबर आहे हेच विसरून काढला. बटाट्यांच्या बारीक फोडी चरबीत कुरकुरीत तळल्या. स्वतःपुरती दोन ठेवून घरात होती नव्हती तेवढी अंडी फोडली. कालच्या पावावर चीज ठेवून भट्टीत सारला. सव्वा वाजता ताटल्या गेल्या आणि पावाच्या तुकड्याने पुसून चकचकीत होऊन परत आल्या. बरं वाटलं तिला, किती दिवसांनी. या वयातही एवढ्याशा गोष्टीने बरं वाटावं, याचा रागही आला.

गिल्बेरनेही दोनदा वाढून घेतलं. क्लेमांसने त्याला गाठून सांगितलं, की चूक माझी होती, हवं तर लिहून देते. तो मान खाजवत आत आला. तो आणि मिरेय लहानपणी गावच्या शाळेत एका बाकावर बसलेले.

"ती लिहून देतेय, पण उपयोग नाही गं. कंपनीशी करार झालाय. गेल्या गुरुवारीच सही केली मी."

मिरेय स्टुलावर बसली. "मग 'डब्यांचं बघू' म्हणालास ते?"

"तू हा आठवडा मनापासून करावास म्हणून."

"मी कधी मनापासून केलं नाही रे?"

गिल्बेर समजुतीने म्हणाला, की तुझं काम काही जात नाही. डबे साडेअकराला येतील, तू फक्त गरम करायचे. गुडघ्यांनाही आराम पडेल. तो हे अगदी खरं, तिच्या भल्यासाठी बोलत होता आणि तेच तिला सोसवेना.

"त्याला बाई कशाला हवी, गिल्बेर? एक बटण पुरे."

तेवढ्यात जेवणघरातून कुणीतरी विचारलं, आणखी मिळेल का म्हणून. मिरेय टेबलाला धरून उठली. तिने स्वतःसाठी बाजूला ठेवलेली दोन अंडी घेतली. मेयर चुलीच्या वाटेतच उभा होता.

"सरक जरा," ती म्हणाली. "मला काम आहे."

तो सरकला.