सगुणा माती खाते

हमरापूरचा पुंडलिक गणपती चांगले घडवी, पण बायकोला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर स्वतः द्यायची त्याला भारी हौस. पेणचे डॉक्टर सगुणाकडे वळून "काय होतंय?" म्हणाले, की हाच खुर्ची पुढे ओढी. "माती खाते ही. कामाला बसते नि शाडू तोंडात टाकते. दुसरं काय नाय."

मग काय, निदान आयतंच झालं. जंताचं औषध आणि रक्तवाढीच्या गोळ्या. शौचाला काळं होतं, असं सगुणा एकदा दबकत म्हणाली. त्या गोळ्यांनी होतंच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. तरी रक्त वाढेना, तेव्हा दुर्बिणीने वरून जठर पाहिलं, खालून मोठं आतडं पाहिलं, सगळं स्वच्छ. पुंडलिकला तर जोरच चढला. त्याने शाडूच्या खोलीला कुलूप ठोकलं, कारागिरांसमोर तिची लाज काढली. मूर्तीचे डोळे आखावे तर सगुणानेच, असं गाव म्हणे. तिचा हात आता कापायला लागला होता.

शेवटी ऐन गणपतीच्या तोंडावर त्याने तिला रोह्याला तिच्या बहिणीकडे, नम्रताकडे धाडली. तिथे शाडू नाही, म्हणजे खोड मोडेल. तिथेच ती मोरीत कोसळली.

पुंडलिक रोह्याच्या दवाखान्यात पोचला तेव्हा तिला रक्त चढत होतं. ओठ कागदासारखे पांढरे.

"आधी माती सुरू झाली की अशक्तपणा?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माती," पुंडलिक म्हणाला.

"तुम्ही थांबा. सगुणाताई?"

"आधी चक्कर यायची. माती मागनं."

बाईंनी कपाळाला हात लावला. अंगातलं रक्त आटलं, की कुणाकुणाला माती खावीशी वाटते. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. शौचाचा काळा रंग गोळ्यांचा नव्हता, रक्ताचा होता; ते झिरपत होतं लहान आतड्यातून, जिथवर त्या दोन्ही दुर्बिणी पोचल्याच नव्हत्या. पेणला आणून स्कॅन केला, तर तिथेच गाठ.

"कॅन्सरची वाटत नाही," सर्जन म्हणाले. "अशी क्वचितच सापडते. तेवढा तुकडा काढून आतडं जोडायचं. पण इतके दिवस रक्त कमी राहून हृदय फार थकलंय, आणि रक्तस्राव थांबत नाही, म्हणून वाटही बघता येत नाही."

थिएटरबाहेर पुंडलिक भिंतीला टेकून बसला. आयुष्यभर देव घडवले, आता त्यांच्याकडे मागायचं कुठल्या तोंडाने, हेच त्याला सुचेना. मेव्हणी नम्रता चहा घेऊन आली.

"मी मारली गो तिला."

नम्रताने नुसता कप खाली ठेवला.

सर्जन बाहेर आले ते टोपी काढूनच. गाठ निघाली होती, आतडंही जोडलं होतं. टाके घालताना हृदय बंद पडलं, ते पुन्हा सुरू झालं नाही.

पुंडलिक भिंत धरून उठला.

"गाठ कसली व्हती?"

"साधीच होती."

"साध्या गाठीनं माणूस मरतं व्हय, डॉक्टर?"

सर्जननी मान खाली घातली. "नाही," ते म्हणाले. "मरत नाही."