चार बोटांचं अंतर

गावात मला ओळंबाअण्णा म्हणतात. नाव पार्श्वनाथ मगदूम, पण गवंड्याच्या ओळंब्यासारखं मला वाकडं काही खपत नाही, म्हणून हे टोपणनाव पडलं. उसाची सरी मी दोरी लावून सोडतो. दुसऱ्याच्या लग्नातली पंगत तिरकी बसली तरी माझा घास घशात अडकतो. अशा माणसाच्या पोरीचा पाय वाकडा व्हावा, हे नशीबच म्हणायचं, असं लोक बोलायचे. नशिबाचा त्यात काही संबंध नव्हता. पाय मी वाकडा केला होता.

श्रद्धा आठ वर्षांची असताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पडली आणि तिच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. निपाणीच्या दवाखान्यात ऑपरेशन सांगितलं. एवढ्याशा पोरीला कापायचं म्हटल्यावर माझं डोकं फिरलं आणि मी तिला उचलून नदीपलीकडच्या हाडवैद्याकडे नेलं. तो अंड्याच्या पांढऱ्यात पट्टी भिजवून बांधायचा. आम्ही जैन, आमच्या घरात अंडं येत नाही, मग ते पोरीच्या अंगाला कसं लावू देणार? मी दुसरं काहीतरी लावायला सांगितलं. त्यानं उडदाचं पीठ कालवून लावलं आणि वर बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण आतल्या अंगाला फिरून जुळलं. तिचा डावा गुडघा आणि पाऊल दोन्ही उजव्या पायाकडे तोंड करून राहिले. अंड्यानं ते सरळ बसलं असतं असं नाही. दवाखान्यात बसलं असतं, एवढं मात्र खरं.

आमच्यात कायोत्सर्ग असतो. दोन्ही हात मोकळे सोडून ताठ उभं राहायचं, पावलं सरळ समोर, दोन पावलांत चार बोटांचं अंतर, आणि मनातल्या मनात नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणायचा. बाहुबली उभे आहेत तसं. मंदिरात मुलींच्या ओळीत श्रद्धा उभी राहायची आणि मी मागून दबक्या आवाजात सांगायचो, पाय सरळ कर. ती बिचारी कमरेतून जोर लावून पाय फिरवायची. तिसऱ्या णमोकाराला पाऊल पुन्हा आत. शेजारच्या पोरी फिदीफिदी हसायच्या. दहावीनंतर ती शेवटच्या ओळीत, खांबाआड उभी राहायला लागली. मी ते पाहिलं आणि मला बरं वाटलं, कारण आता ती चारचौघांत दिसत नव्हती. हे सांगताना आज मला लाज वाटते.

चोविसाव्या वर्षी, शाळेत शिक्षिका झाल्यावर, तिनंच बेळगावच्या एक डॉक्टरबाई शोधून काढल्या. जिथं हाड चुकीचं जुळलं होतं तिथं ते कापायचं, फिरवून सरळ करायचं आणि धातूची पट्टी लावून स्क्रूनं धरायचं, असं ते ऑपरेशन. श्रावणात ते झालं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी चादर बाजूला करून दाखवलं. दोन्ही पायांचे अंगठे छताकडे बघत होते. माझ्या डोळ्यांना धार लागली. श्रद्धा मात्र हसून म्हणाली की झोपून दिसतं ते काय खरं, उभं राहिल्यावर बघू.

डॉक्टरबाईंनी आधी कन्नडमध्ये आणि मग, कुणाला सबब राहू नये म्हणून, मराठीत बजावलं की सहा आठवडे डावा अंगठासुद्धा जमिनीला टेकवायचा नाही. हाड अजून जुळायचं आहे, पट्टी नुसती धरून ठेवते, अंगाचा भार पेलत नाही. मी मान हलवली. मान हलवण्यात मी गावात पहिल्या नंबरचा आहे.

पाचव्या आठवड्यात आमचं दशलक्षण पर्व आलं. शेवटच्या दिवशी, अनंत चतुर्दशीला, सगळं गाव मंदिरात होतं. माझी बायको तारामती अभिषेकाला गेली होती. घरी मी आणि श्रद्धा. देवघरात पितळेची बाहुबलींची मूर्ती, समोर तिची खुर्ची. तिचे दोन्ही पाय शेजारी शेजारी, दोरी लावल्यासारखे. मी ते बघत बसलो आणि माझ्या मनात जे आलं ते यायला नको होतं.

"जरा उभी ऱ्हातीस?" मी विचारलं.

"डॉक्टर न्हाय म्हणल्यात, आप्पा."

मी तिला समजावलं की चालायचं कुठं आहे, नुसतं स्थिर उभं राहायचं. नऊ णमोकार म्हणजे दोन-तीन मिनिटं. आजच्या दिवशी देवासमोर उभं राहिल्यानं कुणाचं वाईट झालंय?  ती खुर्चीचे हात धरून उठली. तिला मोह झाला की तिनं माझं मन राखलं, हे मला आजही कळलेलं नाही. सोळा वर्षं मी तिला पाय सरळ कर म्हणत आलो होतो. आता तो होता, तर नाही कसं म्हणणार?

मी खाली वाकून तिच्या दोन पावलांत माझी चार बोटं घातली. अंतर बरोबर होतं. पुढं अंगठ्यांशी चार, मागं टाचांशी चार. तिनं हात सोडले, डोळे मिटले. मी शेजारी उभा राहून बोटांच्या पेरांवर मोजायला लागलो. पाचव्याला तिच्या कपाळावर घाम आला. सहाव्याला ओठ दाताखाली गेला. मला ते दिसत होतं. सातव्यानंतर मांडीतून वाळकी काटकी मोडावी तसा बारीक आवाज आला आणि पाऊल हळूच आत वळलं. तरी ती उभी राहिली. आणि मी, पार्श्वनाथ मगदूम, आठ, नऊ मोजत राहिलो. नऊ झाल्यावरच ती खाली बसली.

दुसऱ्या दिवशी बेळगावात एक्स-रे काढला. पट्टी वाकली होती, दोन स्क्रू उखडले होते, हाड पुन्हा फिरलं होतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, काय झालं? मी तोंड उघडायच्या आत श्रद्धा म्हणाली, "न्हाणीत घसरून पडलो." आमच्याकडं बायकाही पडलो, आलो असंच म्हणतात. त्यांनी तिला फैलावर घेतलं. तारामतीही तिच्यावर तुटून पडली, की न्हाणीत एकटी कशाला गेलीस, एवढा कसला दम नव्हता? श्रद्धा ऐकून घेत होती. मी भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र वाचत होतो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी क्षमावाणी. वर्षभरात ज्याला दुखावलं असेल त्याची आम्ही या दिवशी हात जोडून क्षमा मागतो. पूर्वी घरोघर जायचो, आता मोबाईल आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा राहून मी बाहुबलींचं चित्र आणि खाली 'कळत नकळत झालेल्या चुकांची मनःपूर्वक क्षमा असावी' असा मेसेज सगळ्यांना पाठवला. खतवाल्याला पाठवला, पाहुण्यांना पाठवला, बांधावरून जो माझ्याशी सात वर्षं बोलत नाही त्या जिनेंद्रलाही पाठवला. एका बोटाच्या टिचकीत दोनशे माणसं. आत आलो तर श्रद्धाच्या उशाशी तिचा फोन वाजला. यादीत तिचंही नाव होतं.

तिनं वाचलं. माझ्याकडं बघितलं नाही. "केली की," एवढंच म्हणाली आणि फोन पालथा ठेवला.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. उद्याच्या ऑपरेशनचं त्यांनी सांगितलं. आता आत सळई घालावी लागेल, हाड जुळणं महत्त्वाचं, सरळपणा किती राहील ते सांगता येत नाही, पाय थोडा आखूडही होईल. मग त्या श्रद्धाला पुन्हा म्हणाल्या की शिकलेल्या मुलीनं असा निष्काळजीपणा करावा याचं फार वाईट वाटतं.

"ती पडली न्हाय," मी म्हणालो. "म्या उभं केलं तिला. देवासमोर."

  डॉक्टरबाईंनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. तारामतीनं माझ्याकडं बघितलं, मग पाण्याची बाटली उचलली आणि भरून आणायला बाहेर गेली. बाटली भरलेलीच होती.

मी स्टूल ओढून बसलो आणि रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, शेजारची माणसं बघत होती, तरी रडलो. दोनदा मोडलं मी तिला. एकदा ऑपरेशन नको म्हणून, एकदा चार बोटं हवीत म्हणून. क्षमा मागायला तोंड उघडलं, पण शब्द दोनशे जणांत वाटून संपले होते.

श्रद्धा पंख्याकडं बघत होती.

"आप्पा, एक इचारू?"

"इचार."

"माझं डोळं मिटल्यालं होतं. तुमी बघत होतासा न्हवं? उभं असताना सरळ होता पाय?"

"व्हय. पुढं चार बोटं, मागं चार बोटं."

"नऊच्या नऊ?"

खोटं बोलायला ही जागा चांगली होती. आदल्या दिवशी तीही माझ्यासाठी बोललीच होती.

"सातापातूर," मी म्हणालो.

तिनं पांघरुणाबाहेर हात काढला आणि बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत सात मोजले, सावकाश, एकेक णमोकार पुरा म्हणावा तसे.

"सात बी लई झालं," ती म्हणाली.