चौथ्या खणातला लेख

मी एक जुनं लाकडी कपाट आहे, मित्रांनो. कपाट म्हटलं की तुम्हाला दारं आणि कुलूप आठवेल, पण माझ्याकडे नुसते उघडे खण आहेत. संशोधनाची नियतकालिकं काढणाऱ्या एका कचेरीत माझा जन्म झाला. खोलीचं दार अरुंद, म्हणून सुताराने मला आतच ठोकून उभं केलं. त्यामुळे बाहेरचं जग मी पाहिलेलं नाही.

पण विद्वान मात्र पुष्कळ पाहिले. लेख आला की पहिल्या खणात जाई, भाषा तपासून झाली की दुसऱ्यात, पानं जुळवून झाली की तिसऱ्यात. मग छापील नमुना लेखकाकडे जाई आणि दुरुस्त्या होऊन परत आला की चौथ्या खणात बसे. तिथून थेट छपाईला. या कामाच्या प्रमुख बाई रोज सकाळी आधी माझ्यासमोर उभ्या राहत. एखादा गठ्ठा हललेला नसला की विचारत, "हे बाळ अजून इथंच का झोपलंय?" सगळे हसत आणि निमूट कामाला लागत. "हे कपाट म्हणजे माझा उजवा हात," असंही बाई म्हणत, तेव्हा मला मूठभर मांस चढे.

खोटं कशाला बोलू? माझ्यात लेख रखडतही असत. एकाच लेखाच्या दोन प्रती दोघेजण तपासत बसत आणि मग भांडत. म्हणून संगणक आला ते बरंच झालं. कुठला लेख कुठे आहे, ते आता पडद्यावर दिसू लागलं. बाईंनी सगळ्यांना बजावलं, "आजपासून पडद्यावर दिसेल तेच खरं. कपाटाकडे कुणी बघायचंसुद्धा नाही, नाहीतर जुनी सवय सुटायची नाही." काम खरोखर भराभर होऊ लागलं. मला दाराआड सरकवलं आणि डोक्यावर कुंड्या ठेवल्या.

फक्त स्वागतकक्षातल्या काकूंना हे सांगायचं राहून गेलं.

आमचे एक लेखक होते, वाळवीवाले सर. त्यांनी जन्मभर वाळवीचा अभ्यास केला. त्यांचा लेख आला की माझ्या फळ्यांना कापरं भरे, पण माणूस फार गोड. ते आजारी पडले होते आणि या वेळी आलेला लेख त्यांचा शेवटचाच होता. तो छापलेला डोळ्यांनी पाहावा, एवढीच त्यांची इच्छा. दुरुस्त्या ते कागदावरच करत. त्यांची मुलगी तो नमुना घेऊन आली, तेव्हा काकू म्हणाल्या, "द्या इकडे, ठेवते त्याच्या जागेवर." आणि त्यांनी तो माझ्या चौथ्या खणात ठेवला.

पडद्यावर मात्र 'लेखकाकडून येणे बाकी' असंच दिसत राहिलं. संगणक सरांना आठवणीची पत्रं पाठवत राहिला, पण सर ती कधी उघडतच नसत. बाई हळहळत, "तब्येत बरी नसेल हो त्यांची. आपण तगादा नको लावायला." त्या चांगुलपणापायी त्यांनी फोनसुद्धा केला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अंक निघत राहिले. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

एके दिवशी मुलगी पुन्हा आली. उभ्याउभ्याच म्हणाली, "बाबांचा लेख परत न्यायला आलेय. छापायचा नव्हता तर तसं कळवायचं होतंत."

"अहो, असं काय म्हणता? आम्ही तर त्यांच्या दुरुस्त्यांचीच वाट बघतोय!" बाई गडबडल्या.

"दुरुस्त्या मी स्वतः आणून दिल्यात. या काकूंच्या हातात."

काकू धावत दाराआड आल्या आणि त्यांनी चौथ्या खणात हात घातला. गठ्ठा धुळीने माखला होता. बाईंनी तो पदराने पुसला. "मी... मी आजच लावते छपाईला. सरांना सांगा ना तसं."

"बाबा गेले गेल्या आठवड्यात," मुलगी म्हणाली. "तुम्हाला लेख आवडला नाही, असंच वाटत होतं त्यांना शेवटपर्यंत."

लेख पुढच्याच अंकात आला. छान छापला होता. त्याचं मला काय सुख?

मित्रांनो, नवं जरूर आणा. माझा त्यावर राग नाही. पण जुन्याला निरोप देताना त्याच्या हातात कुणाचं काही राहिलं आहे का, एवढं एकदा वाकून बघा. माझ्या हातात एक माणूस वाट बघत होता.